मळ

महिन्यातून एकदा मी बोटीनं स्वीनॉयला जाते,
फॅरो बेटांच्या पार कडेला,
जिथं माणसं थोडी, मेंढ्या फार,
आणि वारा कुणाचंच ऐकत नाही.
शाळेची रिकामी खोली मला उघडून देतात.
टेबलावर टॉवेल पसरते, गडद निळा,
म्हणजे निसटलेली पांढरी जाळी चटकन दिसते.
मग एकेक जण येतो
आणि कान काढून समोर ठेवतो.

मळाला मी नाक मुरडत नाही.
मार्युनच्या साच्यात लोकरीचा तंतू निघाला
म्हणजे मेंढ्या कातरून झाल्या.
योआन पाव भाजतो. त्याच्या नळीत पीठ,
वाफेनं भिजून जवळजवळ कणीक झालेलं.
"तोंडानं फुंकू नका, ओल आत जाते," मी सांगते.
तो मान डोलावतो
आणि पुढच्या खेपेपर्यंत फुंकत राहतो.
कुणी अख्खं यंत्र नळाखाली धरलेलं,
कुणी शेगडीवर वाळवलेलं.
एकीचं कुत्र्यानं चावलं. ती म्हणाली,
या घरात कुणीतरी ऐकायला हवंच होतं.

तुम्मासचं मात्र लख्ख.
चाळीस वर्षं जहाजाच्या इंजिनापाशी काढलेला माणूस,
नखांच्या कडा अजून काळ्या,
आणि यंत्र कालच खोक्यातून काढल्यासारखं.
"रोज घालतो," तो म्हणाला.
शेजारी बायको बसली होती, सान्ना.
"रोज पुसतोसुद्धा," जरा मोठ्यानं.

मी भिंगाखाली धरलं.
जाळी कोरी, नळी काचेसारखी.
बॅटरीचं दार उघडलं तर
नारिंगी चिकटपट्टी अजून तिच्यावरच.
वारं लागल्याशिवाय ही बॅटरी जागी होत नाही.
मी कानाडोळा केला.
ब्रश घेतला, यंत्र तोंडाशी उताणं धरलं,
आणि नसलेला मळ
सावकाश, पूर्ण वेळ घेऊन काढला.

सान्ना कॉफी आणायला गेली तेव्हा तो म्हणाला,
"आत इंजिन चालूच असतं.
हे घातलं की ते दूर जातं.
पहिल्या दिवशी घातलं होतं की मी.
चमचा वाजला. घड्याळ वाजलं.
मग सान्नाचा गुडघा."
"गुडघा?"
"उठताना कटकन वाजतो.
किती वर्षांपासून, कोण जाणे.
ती कधी बोलली नाही."

मी चिकटपट्टी सोलली,
बॅटरी तळहातावर ठेवली.
"मिनिटभर थांबायचं," म्हटलं, "तिला श्वास घेऊ द्यायचा."
दोघं तिच्याकडे बघत बसलो,
अंड्याकडे बघावं तसं.
दार मिटलं. यंत्र शिट्टी वाजवू लागलं.
त्यानं तोंड वाकडं केलं,
पण खिशात टाकलं नाही, मुठीत धरलं.

पुढच्या महिन्यात बोटच सुटली नाही.
त्याच्या पुढच्या महिन्यात गेले
तर दारातच सान्नाची तक्रार:
"फ्रिज गुणगुणतो म्हणून रात्री तो बंद करतात हे!
दूध नासलं दोनदा.
आणि मी बशीत पाव मोडला की वळून बघतात."
तुम्मास खिडकीबाहेर बघत होता,
सगळं ऐकत होता.

"रात्री काढून डबीत ठेवता ना? दार उघडं, झाकण घट्ट?"
"ठेवतो."
"साचा वेगळा काढून धुता? कोमट पाण्यानं?"
"धुतो," तो म्हणाला. मग, "नाही. विसरतो."

मी जाळी उपसली.
टोकाला पिवळट काहीतरी,
मोहरीच्या दाण्याएवढं.

सान्ना कॉफीसाठी उठायला लागली.
मला काही ऐकू आलं नाही.
त्याला आलं असावं, किंवा येणार हे माहीत असावं:
त्याचा काळ्या नखांचा हात
तिच्या कोपराखाली आधीच होता.

निळ्या टॉवेलवर तो दाणा पडला होता.
मी लगेच झटकला नाही.